कॅल्क्युलेटरमधला ‘एन’ नेमका कुठला?

खडकवासल्याहून पुण्याकडे येणाऱ्या कालव्यात पाणी किती वेगाने वाहेल, हे मॅनिंगच्या सूत्राने काढता येतं. त्यातला ‘एन’ म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा. काँक्रीटच्या अस्तराला तो साधारण ०.०१३ धरतात, मातीच्या कालव्याला ०.०२५च्या आसपास. वेग ‘एन’च्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून मातीच्या कालव्याला चुकून काँक्रीटचा ‘एन’ लावला, तर उत्तर जवळजवळ दुप्पट येतं. संख्याशास्त्रात तर ‘एन’ म्हणजे नोंदींची संख्या!

जुन्या कॅल्क्युलेटरमध्ये मेमरीचे नुसते क्रमांक असत. कुठे काय ठेवलं ते आपण लक्षात ठेवायचं. एचपी कंपनीच्या १९८८ सालच्या २८एसमध्ये व्हेरिएबलसाठी, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या आकड्यांसाठी, डिरेक्टरी (कप्पे) आल्या, आणि पुढे १९९०च्या ४८एसएक्समध्येही राहिल्या. सगळ्यात वरची डिरेक्टरी ‘होम’. तिच्या आत हव्या तितक्या, एकात एक. पुण्यात नुसतं ‘जोशी’ म्हणून भागत नाही, पेठ सांगावी लागते. इथे ते काम डिरेक्टरी करते.

खरी गंमत नाव शोधण्याच्या नियमात आहे. कॅल्क्युलेटर आधी चालू डिरेक्टरीत बघतो. तिथे नाव नसेल तर एक पायरी वर, मग आणखी वर, थेट होमपर्यंत. खाली किंवा शेजारच्या डिरेक्टरीत तो कधीच डोकावत नाही. म्हणून गुरुत्वत्वरण ९.८१ होममध्ये एकदाच ठेवलं की सगळीकडून मिळतं. आणि हा शोध प्रोग्राम जिथे साठवलाय तिथून नाही, तर आपण ज्या डिरेक्टरीत आहोत तिथून सुरू होतो. त्यामुळे मॅनिंगचा प्रोग्राम ‘कालवा’ डिरेक्टरीत एकदाच लिहायचा, तिच्या आत कालव्याच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी डिरेक्टरी करायची, आणि तिच्यात त्या टप्प्याचा ‘एन’ आणि उतार ठेवायचा. टप्पा बदलला की तोच प्रोग्राम नव्या आकड्यांवर चालतो. मला ही रचना फार देखणी वाटते.

साठवण्याचा नियम मात्र वेगळा आहे. ‘एसटीओ’ ही साठवण्याची कमांड कायम चालू डिरेक्टरीतच लिहिते. आतल्या डिरेक्टरीत असताना ९.८१ऐवजी ९.८ साठवलं, तर होममधला आकडा तसाच राहतो आणि आत त्याच नावाचं दुसरं व्हेरिएबल तयार होतं. तिथून पुढे तेच वापरलं जातं. उत्तर विचित्र आलं तर आधी ‘पाथ’ कमांड देऊन आपण कुठे आहोत ते बघावं, मग नको असलेलं व्हेरिएबल ‘पर्ज’ने काढावं. ‘पर्ज’ने भरलेली डिरेक्टरी पुसली जात नाही, ४८एसएक्समधल्या ‘पीजीडीआयआर’ने मात्र ती आतल्या सगळ्यासकट जाते.