ऋषिपंचमीची भाजी
भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रात केली जाणारी मिश्र भाजी. ‘ऋषीची भाजी’ आणि काही भागांत ‘कंदमूळ’ ही तिची इतर नावे. सप्तर्षी व अरुंधती यांचे व्रत करणाऱ्या स्त्रिया या दिवशी बैलाच्या कष्टाचे खात नाहीत; परसात, मांडवावर, बांधावर आलेलेच चालते. अळू, माठ, सुरण, पडवळ, शिराळे, भेंडी, लाल भोपळा, मक्याची कणसे हे नेहमीचे जिन्नस. घाणाही बैलाचा, म्हणून पुष्कळ घरांत तेल वर्ज्य असते.

या नियमाच्या उगमाबाबत दोन मते आहेत. व्रतकथेत आईला कुत्रीचा व वडिलांना बैलाचा जन्म येतो आणि तो बैल मुलाच्याच शेतात दिवसभर उपाशी राबतो. बैलाचे कष्ट टाळण्याची प्रथा या कथेतून आली, असे एक मत. दुसऱ्या मताने तिचे मूळ वानप्रस्थाच्या आहारात आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला मुन्यन्न (मुनींचे अन्न), शाक, मुळे व फळे विहित असून ‘न फालकृष्टमश्नीयात्’, म्हणजे नांगरलेल्या जमिनीतले खाऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. तेथे निषेध नांगराचा आहे, बैलाचा उल्लेख नाही. तेव्हा ऋषींचे अन्न ऋषींच्या दिवशी, ही कल्पना आधीची आणि बैल कथेमुळे मागाहून आला असावा, हे अधिक संभवनीय वाटते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या धर्मशास्त्रग्रंथात हे व्रत आले आहे; आज ते मुख्यतः स्त्रिया करत असल्या, तरी मुळात ते केवळ स्त्रियांचे नसावे.

आजची जिन्नसांची यादी मात्र तितकी जुनी नाही. मका, लाल भोपळा व मिरची ही अमेरिकेतून आलेली पिके सोळाव्या शतकापूर्वी येथे असण्याचा संभव नाही. अळू, सुरण, पडवळ व शिराळे हा तिचा जुना गाभा मानता येईल.

मुन्यन्नांपैकी प्रमुख धान्य नीवार, म्हणजे आपोआप उगवणारा रानभात. ‘ओरायझा नीवारा’ हे शास्त्रीय नाव 1965 मध्ये याच शब्दावरून दिले गेले. उत्तर प्रदेशातील या जातीच्या एका नमुन्यातून ग्रासी स्टंट या विषाणूरोगाची प्रतिकारक्षमता लागवडीच्या भातात आणली गेली. 1976 मध्ये प्रसारित झालेले ‘आयआर 36’ हे वाण त्यातलेच. मुनींचे मानलेले धान्य शेतकऱ्याच्या भाताला असे तारून गेले, ही या नोंदीतील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

गुजरातेत हा दिवस ‘सामा पाचम’ म्हणून ओळखला जातो व सामा हे बारीक भरडधान्य खाल्ले जाते. महाराष्ट्रात तळ्यांत उगवणाऱ्या रानभाताला ‘देवभात’ म्हणतात. पिकताच त्याचे दाणे पाण्यात गळतात, म्हणून लोंब्या पुरत्या पिकण्याआधीच गोळा कराव्या लागतात. गळालेल्या दाण्यांतूनच पुढच्या वर्षीचा देवभात उगवतो. तळे बुजले की तोही संपतो.