युवा कार्य प्रशिक्षण म्हणजे अप्रेंटिस नव्हे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात एका रोजगार मेळाव्यात फिटर ट्रेडमधून आयटीआय केलेला एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला, प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्याने एक प्रमाणपत्र काढून समोर ठेवले आणि विचारले, "सर, माहं अप्रेंटिस तं झालं न जी, मंग कंपनीनं माहा फॉर्म काऊन रद्द केला?" त्याच्या हातातले प्रमाणपत्र एका शासकीय कार्यालयाचे होते आणि ते मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेखाली दिलेले होते. कंपनीच्या ऑनलाइन अर्जात 'यापूर्वी शिकाऊ उमेदवारी (म्हणजे अप्रेंटिसशिप) पूर्ण केली आहे का' असा एक रकाना असतो आणि त्यापुढे त्याने मोठ्या विश्वासाने 'होय' असे भरले होते. एकदा शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना बहुतेक आस्थापना पुन्हा घेत नाहीत, त्यामुळे अर्ज तिथेच थांबला. जे त्याने केलेच नव्हते, ते केले म्हणून सांगितल्यामुळे त्याची संधी गेली होती.

शिकाऊ उमेदवारीचा प्रसार करण्याचे शासकीय काम करताना हा गोंधळ मला जवळजवळ प्रत्येक गावात भेटतो. आपल्याकडे 'अप्रेंटिस लागली' हे शब्द शिकाऊ उमेदवारी आणि युवा कार्य प्रशिक्षण या दोन्हींसाठी वापरले जातात. दोन्हींमध्ये दरमहा विद्यावेतन मिळते, दोन्हींची नोंदणी ऑनलाइन होते, दोन्हींच्या शेवटी प्रमाणपत्र मिळते आणि दोन्हींमध्ये कायम नोकरीची हमी नसते. बाहेरून पाहणाऱ्याला त्या एकच वाटल्या तर त्यात त्याचा दोष नाही. मात्र दोन्हींचा पाया वेगळा आहे आणि तो समजून न घेतल्याची किंमत शेवटी मुलामुलींनाच मोजावी लागते.

शिकाऊ उमेदवारी ही संसदेने केलेल्या कायद्यातून आली आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे आणि त्यात २०१४ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या. या कायद्याप्रमाणे आस्थापना आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो, उमेदवार अल्पवयीन असेल तर पालक सही करतो आणि तो करार शासनाकडे नोंदवला जातो. युवा कार्य प्रशिक्षण ही राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये शासन निर्णयाद्वारे सुरू केलेली योजना आहे. तिचा कालावधी सुरुवातीला सहा महिन्यांचा होता आणि पुढे तो एकूण ११ महिन्यांपर्यंत वाढवण्यात आला. योजना शासन निर्णयाने सुरू होते, वाढते आणि थांबूही शकते, तर कायद्याखालचा करार दोन्ही पक्षांना मुदतीपर्यंत बांधून ठेवतो आणि मालकाने स्वतःची बाजू न पाळल्यामुळे तो मुदतीआधी मोडला गेला, तर उमेदवाराला नुकसानभरपाई मागता येते.

घराघरांत तुलना होते ती मात्र पैशांची, आणि ती समजण्यासारखी आहे. युवा कार्य प्रशिक्षणात बारावी उत्तीर्णाला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० रुपये आणि पदवीधराला १०,००० रुपये दरमहा ठरवले गेले. शिकाऊ उमेदवारीत २०१९ च्या नियमदुरुस्तीने शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये असे किमान विद्यावेतन ठरले आणि त्यात आयटीआय उत्तीर्णाचा किमान आकडा ७,००० रुपयांचा होता. शिवाय कार्य प्रशिक्षण बहुधा गावातल्या शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याच्या कार्यालयात मिळते, तर शिकाऊ उमेदवारीसाठी बुटीबोरीला, बल्लारपूरला किंवा वणीच्या खाणपट्ट्यात जाऊन खोली करावी लागते, डबा लावावा लागतो. सिंदेवाहीच्या किंवा समुद्रपूरच्या शेतकरी बापाने हा हिशेब मांडला, तर त्याला गावातले ८,००० रुपये शहरातल्या ७,००० रुपयांपेक्षा कितीतरी मोठे दिसतात, आणि त्या महिन्यापुरता त्याचा हिशेब खराही असतो. मुलींच्या बाबतीत तर घरापासूनचे अंतर हाच अनेकदा शेवटचा निर्णय असतो.

पण हे पैसे कोण देतो, हे पाहिल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही. युवा कार्य प्रशिक्षणात विद्यावेतन राज्य शासन थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करते आणि आस्थापनेला स्वतःचे काही घालण्याचे बंधन नसते. शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतनाची जबाबदारी आस्थापनेची असते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ पासून सुरू आहे आणि तिच्याखाली केंद्र शासन विहित किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये इतका वाटा उचलते. बाकीची रक्कम मालकाच्या खिशातून जाते. माझा अनुभव असा आहे की ज्या मुलामागे मालक स्वतः पैसे मोजतो, त्या मुलाला तो नुसते बसवून ठेवत नाही. सुपरवायझर त्याच्या हातात मायक्रोमीटर देतो, चुकलेले माप पुन्हा घ्यायला लावतो, पॅनेलवर काम करण्यापूर्वी पुरवठा बंद आहे की नाही हे स्वतः तपासायला शिकवतो, आणि वर्षाच्या शेवटी त्या मुलाचा हात बसलेला असतो.

याचा अर्थ कार्य प्रशिक्षण कमी प्रतीचे आहे, असा मुळीच नाही. एका जिल्हा परिषद शाळेत या योजनेखाली रुजू झालेली एक पदवीधर मुलगी शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराच्या नोंदी आणि आवक-जावक नोंदवही इतक्या नेटाने सांभाळत होती की मुख्याध्यापकांना तिच्याशिवाय कामकाज सुचत नव्हते. कार्यालयीन शिस्त, संगणकावरचा सराव आणि चारचौघांत बोलण्याचे धैर्य या गोष्टी तिला तिथेच मिळाल्या. ज्यांना कार्यालयीन कामात, शिक्षणक्षेत्रात किंवा स्पर्धा परीक्षेच्या वाटेवर राहायचे आहे, त्यांच्यासाठी हा काळ मोलाचा आहे. मात्र फिटर, वेल्डर, वायरमन किंवा डिझेल मेकॅनिक होऊ इच्छिणाऱ्याने तोच काळ टेबलावर घालवला, तर त्याच्या हातातली कला थंडावते, आणि ही गोष्ट त्याला वेळेवर सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

खरा फरक शेवटी मिळणाऱ्या कागदात दिसतो. कार्य प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र संबंधित आस्थापना देते आणि ते अनुभवाचे प्रमाणपत्र असते. अधिसूचित (म्हणजे शासनाने जाहीर केलेल्या) ट्रेडमधील शिकाऊ उमेदवाराला मात्र अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते आणि उत्तीर्ण झाल्यावर त्याला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. इथे आणखी एक गोंधळ होतो. आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि हे शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र ही दोन स्वतंत्र प्रमाणपत्रे आहेत आणि एक असले म्हणजे दुसरे असते असे नाही. भारतीय रेल्वेच्या लेव्हल-१ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या पदांच्या भरतीत २० टक्के जागा रेल्वेच्याच आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून हे प्रमाणपत्र मिळवलेल्यांसाठी ठेवल्या जातात. आपल्या मुलांसाठी नागपूर विभाग आणि मोतीबाग कार्यशाळा यांच्या जाहिराती म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. इतर अटी समान असताना प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात १९९५ मध्ये म्हटले आहे. प्राधान्य म्हणजे नोकरीचा हक्क नव्हे, हे मी प्रत्येक सभेत सांगतो, कारण कायद्यातच मालकावर नोकरी देण्याचे बंधन नाही. २०१४ च्या दुरुस्तीने इतकेच केले की आपल्याकडे शिकलेल्या उमेदवारांच्या भरतीबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचे धोरण ठरवावे.

पात्रतेतला फरक ग्रामीण भागात विशेष जाणवतो. कार्य प्रशिक्षणासाठी वय १८ ते ३५ आणि शिक्षण किमान बारावी अशी अट आहे. त्यामुळे दहावीत नापास होऊन शेतात किंवा गॅरेजमध्ये राबणाऱ्या मुलाला त्या योजनेत जागा नाही. शिकाऊ उमेदवारीत मात्र काही ट्रेडना पाचवी उत्तीर्णही पात्र ठरतो, कायद्यात किमान वय १४ वर्षे आहे आणि धोकादायक उद्योगांसाठी ते १८ वर्षे आहे. आयटीआय न केलेल्या अशा नवख्या उमेदवाराला आधी मूलभूत प्रशिक्षण दिले जाते आणि मग तो यंत्रावर जातो. ही वाट आपल्या गावांत सर्वांत कमी माहीत आहे आणि तिची गरज सर्वांत जास्त आहे, म्हणून मी ती पुन्हा पुन्हा सांगतो.

मालकांच्या मनातही हाच गोंधळ असतो. मूल तालुक्यातल्या एका भातगिरणीच्या मालकांनी मला स्पष्ट विचारले, "साहेब, अप्रेंटिस घेतला की तो उद्या कायम करा म्हणून बसणार नाही ना?" कायद्याच्या कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, हे मी त्यांना समजावून सांगितले, आणि त्याच वेळी हेही सांगितले की कामावर इजा झाल्यास त्याला नुकसानभरपाई द्यावी लागते आणि आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी त्यालाही लागू आहेत. कंत्राटी धरून ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि ४ ते २९ माणसे असलेल्यांसाठी ते ऐच्छिक आहे. त्यांच्या गिरणीत हंगामात जेमतेम अठरा माणसे होती, म्हणजे त्यांच्यावर सक्ती नव्हती. तरीही त्यांनी एक इलेक्ट्रिशियन मुलगा घेतला, कारण मोटार जळाली की रिवाइंडिंगसाठी दोन दिवस काम थांबत असे आणि घरचा माणूस तयार व्हावा, अशी त्यांची इच्छा होती.

म्हणून कोणी मुलगा किंवा मुलगी 'अप्रेंटिस लागली' म्हणून आनंदाने सांगायला आली, की मी आधी अभिनंदन करतो आणि मग करारपत्र पाहायला मागतो. त्यावर नोंदणी क्रमांक, ट्रेडचे नाव, कालावधी आणि विद्यावेतन हे चारही असेल तर ती शिकाऊ उमेदवारी आहे. करारपत्राऐवजी रुजू आदेश आणि योजनेचे नाव असेल तर ते कार्य प्रशिक्षण आहे.

नागभीडच्या त्या मुलाबरोबर मी त्याच दिवशी मोबाइलवर नवा अर्ज भरायला बसलो. कार्य प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आम्ही अनुभवाच्या भागात जोडले आणि शिकाऊ उमेदवारीच्या रकान्यापुढे त्याने या वेळी 'नाही' भरले. तीन आठवड्यांनी त्याने मला करारपत्राचा फोटो पाठवला. त्यात त्याच्या सहीशेजारी मालकाची सही होती आणि ट्रेडच्या जागी 'फिटर' असे लिहिले होते.