थेरपिस्ट मुलांना घरापासून तोडतात?

अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, घरांत एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: समलिंगी किंवा ट्रान्स मूल थेरपीला गेलं, की थेरपिस्ट त्याला ‘घरी सगळं सांगून टाक, नाहीतर घर सोड’ असंच शिकवणार. हे खरं नाही.

स्थलांतरित आईबापांचं तिथे वाढलेलं मूल डोळ्यांसमोर आणा. दहाव्या वर्षी ते आईसोबत दवाखान्यात जातं, डॉक्टरचं इंग्रजी तिला स्पॅनिशमध्ये समजावतं, घरी आलेलं सरकारी पत्र वाचून दाखवतं. अशा मुलाला ‘स्वतःपुरतं बघ’ हा सल्ला लागूच पडत नाही. जाणता थेरपिस्ट ‘फामिलिस्मो’ला, म्हणजे ‘आधी कुटुंब’ या भावनेला, आजार समजत नाही. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, की सांगायचंच नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आजीला न सांगणं म्हणजे खोटं जगणं नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

घरच्यांच्या वागण्याचं मोल किती, ते सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातल्या केटलिन रायन आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं. २२४ गोऱ्या आणि लॅटिनो समलिंगी व उभयलिंगी तरुणांपैकी ज्यांना किशोरवयात घरून खूप झिडकारलं गेलं होतं, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता ८.४ पट होती. तुलना होती फारसं न झिडकारलेल्यांशी. म्हणूनच, मुलाची तयारी असेल तर, चांगले थेरपिस्ट आईबापांनाही सोबत बसवतात आणि त्यांची भीतीही ऐकून घेतात.