फरी स्वतःला प्राणी समजत नाहीत
अमेरिकेतल्या शाळांमध्ये स्वतःला प्राणी समजणाऱ्या ‘फरी’ मुलांसाठी स्वच्छतागृहात मांजराची शौचाची वाळूची पेटी ठेवतात, ही अफवा डिसेंबर २०२१मध्ये मिशिगनमधल्या मिडलंडच्या शाळा मंडळाच्या बैठकीत मांडली गेली. महिन्याभरात तिथल्या शाळाप्रमुखांनी ती साफ खोटी ठरवली, तरी ती फिरतेच आहे.

फरी म्हणजे माणसासारखे वागणारे प्राणी रेखाटण्याची, त्यांच्या गोष्टी रचण्याची आवड असलेली माणसं. कोल्ह्याचा मुखवटा चढवणाऱ्याला आपण माणूस आहोत हे पक्कं ठाऊक असतं. आणि प्राण्याचा पूर्ण पोशाख तर बहुतेकांकडे नसतोच. पिट्सबर्गमध्ये २००६पासून भरणारं त्यांचं अँथ्रोकॉन संमेलन प्राण्यांसाठी झटणाऱ्या संस्थांना वर्षानुवर्षे निधी देत आलं आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते वेगळंच: शाळेत चिडवली गेलेली, एकटी पडलेली कितीतरी मुलं इथे आपण रचलेल्या प्राणी-पात्राच्या आडून पहिल्यांदा मोकळेपणी बोलू लागतात.