साखरेची कुपने आणि लोकरीच्या पट्ट्या : हिकरीतील १९४४ च्या उन्हाळ्याची पार्श्वभूमी

१९४४ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील हिकरी या गावात पोलिओची साथ फुटली, तेव्हा तिथल्या रहिवाशांना दुसऱ्या महायुद्धामुळे कुपनांवर संसार चालवण्याची दोन वर्षांची सवय झालेली होती. डोंगरपायथ्याच्या या गावाची लोकसंख्या १९४० च्या जनगणनेनुसार १३ हजारांच्या आसपास होती आणि पोटापाण्याचा मुख्य आधार लाकडी फर्निचरचे कारखाने व मोज्यांच्या गिरण्या हा होता. गावाने ५४ तासांत उभारलेले तातडीचे रुग्णालय पुढे ‘हिकरीचा चमत्कार’ म्हणून देशभर गाजले. हे नाव निधी गोळा करणाऱ्यांना सोयीचे होते आणि त्यामुळेच ते टिकले. त्या कथेत रेशनिंगला बहुतेक वेळा अर्ध्या वाक्याची जागा मिळते. प्रत्यक्षात रुग्णालयाला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू त्या काळी बाजारात मिळत नव्हती किंवा परवान्याशिवाय मिळत नव्हती, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या ५४ तासांचा अर्थ लागत नाही.

पोलिओचे आधीचे प्रकरण थोडक्यात सांगता येते. १९१६ च्या साथीत अमेरिकेत सुमारे २७ हजार रुग्ण आणि ६ हजार मृत्यू नोंदले गेले आणि त्यांचा सर्वांत मोठा वाटा न्यू यॉर्कचा होता. त्यानंतर हा आजार दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे डोके वर काढत राहिला. १९२१ मध्ये तो झालेला फ्रँकलिन रूझवेल्ट हा राजकारणी पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९३८ मध्ये त्याच्याच पुढाकाराने एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ही संस्था दहा-दहा सेंटची नाणी गोळा करून उपचारांचा खर्च उचलत असे, आणि सरकारी तिजोरीऐवजी लोकवर्गणीतून चालणारी हीच यंत्रणा १९४४ मध्ये हिकरीच्या मदतीला धावली. त्या वर्षी देशभरात सुमारे १९ हजार रुग्ण नोंदले गेले. १९१६ नंतरचा तो सर्वांत मोठा आकडा होता.

रेशनिंगची सुरुवात अन्नापासून झाली नाही, टायरपासून झाली. जानेवारी १९४२ मध्ये टायरविक्रीवर निर्बंध आले आणि फेब्रुवारीत सिंगापूर जपानच्या हाती पडल्यावर मलायाचे रबर मिळण्याची आशाही संपली. त्याच मोहिमेत पुढच्या महिन्यात रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ मुंबईला येईनासा झाला. मे १९४३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या धान्य रेशनिंगचे आणि हिकरीतल्या टायरटंचाईचे मूळ असे एकाच आघाडीवर सापडते. फरक मात्र मोठा होता. मुंबईत प्रश्न पोटाला लागणाऱ्या धान्याचा होता, तर अमेरिकेत गव्हाचे पीठ कधीच रेशनवर गेले नाही. तिथे बंधन आले ते साखर, कॉफी, मांस, लोणी, डबाबंद पदार्थ, बूट आणि पेट्रोल यांच्यावर. पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलची टंचाई खरी होती, पण डिसेंबर १९४२ मध्ये देशभर पेट्रोल रेशनिंग लागू झाले ते मुख्यतः रबर वाचवण्यासाठी. गाडी कमी धावली की टायर कमी झिजतो, एवढेच त्यामागचे गणित होते. ताशी ३५ मैलांची वेगमर्यादाही त्याच हिशेबातून आली.

मे १९४२ मध्ये शाळाशिक्षकांनी शाळांमध्येच नोंदणी करून माणसागणिक पहिले रेशनपुस्तक वाटले. साखर आठवड्याला माणशी अर्धा पौंड ठरली आणि फळे बरण्यांत भरून ठेवणाऱ्यांना अर्ज केल्यावर जादा साखर मिळू लागली. मार्च १९४३ पासून पैशांखेरीज ‘पॉइंट’ही मोजावे लागू लागले. डबाबंद भाज्या-फळांना निळी कुपने होती; मांस, लोणी आणि चीज यांना लाल. कोणत्या डब्याला किती पॉइंट हे तक्त्यावर ठरे आणि तो तक्ता वेळोवेळी बदले. फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस सुट्ट्या पॉइंटांसाठी दाबलेल्या फायबरच्या लाल-निळ्या चकत्या आल्या. दहा सेंटच्या नाण्याहूनही लहान असलेल्या या चकत्या मुलांच्या खिशातून हरवत आणि मग आईला पुढच्या खरेदीत त्या पॉइंटांचा हिशेब जुळवावा लागे. हा सगळा कारभार देशभरातील साडेपाच हजारांच्या आसपास स्थानिक मंडळांकडे होता. त्यांत बसणारे बहुतेक लोक बिनपगारी, गावातलेच आणि एकमेकांना ओळखणारे असत. कोणाकडे किती गाड्या आहेत, कोणाचा जादा पेट्रोलचा अर्ज खरा आणि कोणाचा बनाव, हे त्यांना कागद न पाहताही सांगता येई. या ओळखीतून पक्षपातही होत असे आणि काळा बाजारही चाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गावात कोणाच्या घरी काय आहे याची इतकी तपशीलवार माहिती त्यापूर्वी कधीही एकत्र आलेली नव्हती.

साथीचे पहिले रुग्ण जूनच्या सुरुवातीला, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले त्याच दिवसांत, आढळू लागले. सुरुवातीला मुलांना शार्लट या मोठ्या शहरातील रुग्णालयात हलवले जाई. हे अंतर एका बाजूने ५० मैलांहून अधिक आहे. गॅलनला १५ मैल चालणारी गाडी धरली तरी जाऊन-येऊन सात गॅलन पेट्रोल लागे, आणि गाडीच्या काचेवर ‘ए’, म्हणजे सर्वांत कमी पेट्रोल मिळणाऱ्या वर्गाची, चिकटपट्टी असलेल्या सामान्य कुटुंबाला १९४२ मध्ये आठवड्याला ४ गॅलन आणि पूर्व किनाऱ्यावर पुढे त्याहूनही कमी मिळत होते. आजारी मूल पोचवण्याची सोय कशीबशी होई, पण त्याच्या तब्येतीची चौकशी करायला पुन्हा जाणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. अशा लहान गावांत रुग्णवाहिका अनेकदा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्यांकडेच असे आणि आजारी मुलाला नेण्यासाठी तीच गाडी दाराशी येई. लवकरच शार्लटमधील खाटाही भरल्या.

तेव्हा गावाबाहेरच्या मुलांच्या आरोग्यशिबिराची जागा ताब्यात घेऊन तिथेच रुग्णालय उभारण्याचा निर्णय झाला. बांधकामावर युद्धकालीन निर्बंध होते. लाकूडकामाची परंपरा असलेल्या गावात सुतारांची वाण मात्र नव्हती. लष्कराने तंबू दिले, तुरुंग छावणीतल्या कैद्यांकडून खोदाईचे काम करून घेण्यात आले, वीज आणि टेलिफोनच्या तारा ओढल्या गेल्या आणि निर्णयापासून ५४ तासांत रुग्ण दाखल होऊ लागले. डॉक्टर व परिचारिका मोठ्या संख्येने सैन्यात गेलेल्या असल्याने बाकीचे मनुष्यबळ इतर राज्यांतून आणावे लागले.

या रुग्णालयात कोणता उपचार करायचा, हा त्या उन्हाळ्यातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न होता आणि नेमका तोच प्रश्न गावाच्या टंचाईशी थेट जोडलेला होता. तोवरची प्रस्थापित पद्धत अशी की, अशक्त झालेला हातपाय फळीला किंवा प्लास्टरमध्ये बांधून आठवडेच्या आठवडे निश्चल ठेवायचा. धडधाकट स्नायू दुबळ्या स्नायूला ओढून हाडांचा आकार बिघडवतील, अशी भीती त्यामागे होती. ऑस्ट्रेलियातून १९४० मध्ये अमेरिकेत आलेल्या एलिझाबेथ केनी या परिचारिकेने हे उलटे केले. तिच्या मते वेदना आणि आखडलेपण हाच मुख्य दोष होता, म्हणून आधी लोकरीच्या ओल्या, गरम पट्ट्यांनी स्नायू सैल करायचे आणि मग व्यायामाने त्यांना पुन्हा शिकवायचे. निधी देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने ही पद्धत उचलून धरली आणि मिनियापोलिसमध्ये तिच्या नावाची संस्थाही निघाली. मात्र अस्थिशल्यविशारदांच्या एका समितीने या पद्धतीची पाहणी करून केलेला अहवाल १७ जून १९४४ रोजी, म्हणजे हिकरीत रुग्ण वाढत असताना, देशातील सर्वांत प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केनीचे दावे अतिरंजित आहेत आणि त्यांना मिळालेली प्रसिद्धी लोकांची दिशाभूल करणारी आहे, असा त्याचा सूर होता. या पद्धतीमुळे जुन्या उपचारांचा फेरविचार सुरू झाला, एवढे श्रेय समितीने तिला दिले.

दोन्ही बाजूंचे काही चुकले आणि काही बरोबर होते, असे आज म्हणणे सोपे आहे. आजार मज्जारज्जूतील चेतापेशी मारतो, हे समितीचे म्हणणे बरोबर होते आणि तो मुळात स्नायूंचा आजार असल्याची केनीची मांडणी टिकली नाही. परंतु प्लास्टरमध्ये अडकवलेल्या मुलांचे जे हाल होत होते त्यांवर या अहवालाने पुरेसे बोट ठेवले नाही, असे माझे मत आहे. वादाच्या त्याच आठवड्यांत हिकरीने गरम पट्ट्यांचा मार्ग धरला आणि तो धरल्याबरोबर गावाला लोकर लागली.

हा उपचार कागदावर साधा दिसतो. शुद्ध लोकरीचे ब्लँकेट फाडून अवयवाच्या मापाच्या पट्ट्या करायच्या, त्या उकळत्या पाण्यातून काढायच्या आणि पिळून काढायच्या. पिळण्याच्या कामी त्या काळच्या धुलाई यंत्राच्या वरच्या बाजूला बसवलेले दोन रुळांचे पिळणे लागे. पट्टी त्यातून दोनदा काढावी लागे, कारण एक थेंबही पाणी उरले तर मुलाची कातडी भाजे. मग ती स्नायूवर गुंडाळायची, वर पाणी न झिरपणारे कापड आणि त्यावर कोरडी लोकर, आणि थंड झाली की पुन्हा पहिल्यापासून. दिवसभरात हे अनेकदा, प्रत्येक मुलासाठी, जूनच्या उकाड्यात आणि तंबूत. ओल्या लोकरीचा तो वास पुढे आयुष्यभर नाकातून गेला नाही, असे त्या काळचे रुग्ण सांगत आले आहेत. लोकर सैन्याच्या गणवेशांकडे आणि ब्लँकेटांकडे वळलेली होती. घरगुती धुलाई यंत्रांचे उत्पादन १९४२ च्या मे महिन्यातच थांबवण्यात आले होते आणि ते कारखाने युद्धसामग्रीकडे लागले होते. त्यामुळे ज्या घराने आपले यंत्र रुग्णालयाला दिले, त्या घराला बदली यंत्र कोणत्याही किमतीत मिळणार नव्हते. दोन-तीन मुलांचे कपडे पुन्हा टबात घासण्याची तयारी ठेवूनच त्या घरातल्या बाईने ते दिले असणार. ‘चमत्कारा’च्या कथांमध्ये डॉक्टर आणि तंबू ठळक दिसतात, हे यंत्र मात्र मदतीच्या यादीतली एक नोंद होऊन राहते.

मुलांवर आलेले निर्बंध त्या मानाने परिचित आहेत. पोहण्याचे तलाव, खेळाची मैदाने, सिनेमागृहे मुलांसाठी बंद झाली आणि त्यांना आपापल्या अंगणात ठेवण्यास सांगण्यात आले. या उपायाने साथ कितपत अडली याबद्दल शंका घ्यायला जागा आहे, कारण लागण झालेल्या बहुसंख्य मुलांमध्ये लक्षणेच दिसत नाहीत आणि अशी मुले घरातल्या घरातच आजार पसरवतात. रोग कसा पसरतो हे तेव्हा ठाऊक नव्हते आणि संशय माश्यांवर होता. विद्यापीठातून आलेल्या एका संशोधन पथकाने रुग्णांच्या घरांजवळ खाद्यपदार्थ उघडे ठेवून त्यांवर माश्या बसू दिल्या आणि ते पदार्थ चिंपांझींना खाऊ घातले. चिंपांझींच्या विष्ठेत पोलिओचा विषाणू सापडला. हा निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. माशी विषाणू वाहून नेऊ शकते एवढे त्यातून ठरले, साथ माशीमुळेच पसरते हे मात्र ठरले नाही. तरीही १९४५ च्या ऑगस्टमध्ये इलिनॉयमधील रॉकफर्ड शहरावर विमानातून डीडीटी हे कीटकनाशक फवारण्यात आले.

हिकरीच्या रुग्णालयाने आणखी एक नियम बाजूला ठेवला. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी वेगळी रुग्णालये किंवा वेगळे वॉर्ड हा रिवाज होता, आणि पोलिओच्या कृष्णवर्णीय रुग्णांसाठी अलाबामातील टस्कीगी येथे १९४१ मध्ये स्वतंत्र केंद्रही निघाले होते. हिकरीत दोन रुग्णालये उभारण्याइतकी सामग्री नव्हती. त्यामुळे एकाच रुग्णालयात दोन्ही वर्णांची मुले दाखल झाली. याला तत्त्वाचा विजय म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. तत्त्वापेक्षा टंचाईचा वाटा त्यात मोठा होता.

मार्च १९४५ मध्ये रुग्णालय बंद करून उरलेली मुले शार्लटला हलवण्यात आली. तोवर ४५० हून अधिक रुग्णांवर उपचार झाले होते आणि १२ दगावले होते. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांचे निधन झाले, ऑगस्टमध्ये पेट्रोलची कुपने रद्द झाली, ऑक्टोबरमध्ये बुटांची. साखर मात्र जून १९४७ पर्यंत रेशनवर राहिली.

राज्यातली पुढची मोठी साथ १९४८ ची. रुग्ण अडीच हजारांच्या आसपास गेले आणि ग्रीन्सबरो शहरात वर्गणीतून ९५ दिवसांत पोलिओचे रुग्णालय बांधले गेले. या वेळी लाकडाला परवाना लागत नव्हता आणि धुलाई यंत्रे दुकानांत मिळत होती; तिथेही दोन्ही वर्णांच्या रुग्णांना प्रवेश होता. मात्र याच शहरातील सर्वसाधारण रुग्णालयांत कृष्णवर्णीय डॉक्टरांना काम करण्याची आणि त्यांच्या रुग्णांना दाखल होण्याची मुभा मिळवण्यासाठी १९६२ मध्ये फिर्याद करावी लागली. सरकारी अनुदानावर बांधलेल्या रुग्णालयाला वर्णभेद करता येणार नाही, असा निकाल अपील न्यायालयाने १९६३ मध्ये दिला. तोपर्यंत लस येऊन आठ वर्षे झाली होती आणि ज्या आजारासाठी तो भेद पहिल्यांदा बाजूला ठेवला गेला होता, त्याचे रुग्ण शहरात जवळजवळ उरले नव्हते.