उंड्रेडालला आपण का थांबतो?

नमस्कार मंडळी,

आमच्या नॉर्वे सहलीत उंड्रेडालसाठी एक दुपार राखून ठेवली आहे. "त्यापेक्षा शेजारच्या फ्लोम गावाला जास्त वेळ द्या ना," असं बरेच जण सुचवतात. फ्लोमची रेल्वे आणि फिओर्डमधली (डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीतली) बोटसफर आपण करणारच आहोत. पण बोटीतून उंड्रेडाल म्हणजे काठावरची चार रंगीत घरं, एवढंच दिसतं. गाव कळायचं तर गावात उतरावं लागतं.

सोग्नेफिओर्डच्या आउरलांड नावाच्या शाखेच्या काठावर, उंच कड्यांच्या कुशीत हे शंभरेक वस्तीचं गाव आहे. शेळ्या मात्र माणसांच्या कितीतरी पट! १९८८ साली रस्ता झाला, तोवर इथे येणंजाणं पाण्यातूनच चाले.

इथलं चर्च बाराव्या शतकातलं मानतात. सगळा भार उभ्या लाकडी खांबांवर पेलायचा, ही नॉर्वेची जुनी बांधणी. बाहेरून साधं, पांढरं. आत जेमतेम चाळीस माणसं बसतील. म्हणून आपण दोन तुकड्यांत जाऊ. घाई करू नका, आतलं रंगकाम नीट बघा. ही गावाची चालती प्रार्थनेची जागा आहे, तेव्हा आवाज हळू ठेवावा ही विनंती.

आणि चीज! शेळीचं दूध विरजणाऐवजी रेनेट, म्हणजे दूध फाडणारं पाचक द्रव्य, घालून फाडतात. चोथ्याचं पांढरं चीज होतं. उरलेली निवळी कोणी फेकत नाही. ती मोठ्या भांड्यात तासन् तास ढवळत आटवतात, अगदी आपण खवा आटवतो तशी. दुधातली साखर आटता आटता तांबूस होते आणि घट्ट, गोडसर-खारट तपकिरी चीज तयार होतं. त्याचा पातळ काप पावावर ठेवून खातात. पहिला घास जरा विचित्र लागेल; दुसरा जरूर घ्या.

रेनेट बहुधा जनावराच्या जठरातून काढलेलं असतं. तपकिरी चीजची निवळीही त्याच दुधाची, त्यामुळे कडक शाकाहारी मंडळींनी दोन्ही चीज घेण्याआधी आम्हाला विचारावं. इथलं पांढरं चीज कच्च्या दुधाचंही असतं. गर्भवतींनी ते टाळावं.

जूनमध्येही फिओर्डवर वारा बोचरा असतो आणि पाऊस कधीही येतो. रेनकोट, स्वेटर आणि न घसरणारे बूट मोठ्या बॅगेत नको, हाताशी ठेवा. बस आपल्याला गावात सोडेल, पण गल्ल्या पायीच फिरायच्या आहेत. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा. काठावर बसायची सोय बघून ठेवू.