सूड घेणारा कलावंत आला कुठून?

रंगमंचाने ज्याला टाकून दिलं तोच पुढे सुरा घेऊन परततो, या कथानकाची मुळं शोधत गेलं की बहुतेक जण गॅस्तों लरूच्या 'फँटम ऑफ द ऑपेरा'पाशी पोचतात. पॅरिसच्या एका दैनिकात ती कादंबरी सप्टेंबर १९०९ ते जानेवारी १९१० क्रमशः येत होती.

नेमक्या त्याच दिवसांत, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात खराखुरा खून झाला. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, निरोपासाठी 'संगीत शारदा'चा खेळ लावलेला. साहेब आत येऊन खुर्चीकडे निघाले आणि अनंत कान्हेरेने ब्राउनिंग पिस्तूल झाडलं. सूड होताच, बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा. पण घेणारा अठराही पूर्ण न झालेला विद्यार्थी. नट बिचारे रंग लावून आतच.

तसा लरूचा फँटम, म्हणजे एरिकही बुडालेला कलावंत नव्हे, तो जन्मतःच विद्रूप. बुडालेला वादक आला याच कादंबरीवरच्या १९४३ च्या हॉलिवूडपटात. बोटं चालेनात म्हणून वाद्यवृंदातून काढलेला हा व्हायोलिनवाला. आपली रचना चोरली या संशयाने तो प्रकाशकाचा गळा धरतो, तोंडावर ॲसिड पडतं, मग मुखवटा. आजचे थरारपट याच भांडवलावर चालतात.

आपल्याकडे पाणी दुसरीकडे वळलं. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके आधी जादूगारही होते, नाव 'प्रोफेसर केळफा' (आडनाव उलटं वाचा). नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी बिनसलं तेव्हा ते काशीला निघून गेले, आणि राग काढला तो 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहून. बोलपट आले, ते मागे पडले, १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशकातच गेले. एवढा मोठा माणूस, एवढा गप्प शेवट. पटकथाकाराला हे पुरत नाही, मला पुरतं.

मग १९७० मध्ये नाशिकच्याच तात्यासाहेब शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' नाटकातले म्हातारे नट गणपतराव बेलवलकर आले. त्यांच्यावरही लेकीच्या घरी चोरीचा आळ येतो. त्या व्हायोलिनवाल्याने एवढ्यावर मुडदा पाडला असता. इथे म्हातारा बायकोला घेऊन घराबाहेर पडतो.